पुडीतला मोरचूद

परवा फोनवर तू म्हणालीस, "अक्का, त्या सगळ्या कपाटात मला एक मोरचूदच ओळखू येतो, बाकी सगळं नुसतं पांढरं." मी हसले, पण फोन ठेवल्यावर तुझं बोलणं डोक्यातून जाईना. बावीस वर्षं प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळून मला कळलं ते एवढंच बघ, की ओळखीच्या वस्तूशी आपण सैल वागतो. गंधकाम्लाची बाटली नवखा पोरगासुद्धा दोन्ही हातांनी धरतो. मोरचूद मात्र सगळे चिमटीत घेतात, तळहातावर ठेवतात, उजेडाकडं धरून "काय निळा आहे गं" म्हणतात. आणि मग तोच हात डब्यातल्या भाकरीला.

दिंद्रुडला तू प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून रुजू झालीस, याचा मला आनंद किती झाला ते सांगत बसत नाही. पण नोकरीच्या पहिल्या महिन्यात कुणी काही शिकवत नाही गं. हातात किल्ल्यांचा जुडगा आणि साठ्याचं रजिस्टर देतात, झालं. म्हणून आज जरा बैस, चहा घे आणि ऐक. मोरचुदापासून सुरुवात करू, म्हणजे बाकीच्या बाटल्यांशी कसं वागायचं ते तुझं तुलाच उमजत जाईल.

तुला आठवतं का, अण्णा मोसंबीच्या खोडांना निळसर गिलावा लावायचे? तू लहान होतीस, तुला लांब बसवायचे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजत घालायचा, चुना दुसऱ्या बादलीत, आणि सकाळी दोन्ही हळूहळू एकत्र करायचं. आई एकदा म्हणाली, "लोखंडी घमेलं रिकामं आहे, त्यात करा की." अण्णा तिच्याकडं बघतच राहिले. मग मिश्रण झाल्यावर विळ्याचं पातं त्यात बुडवून धरायचे आणि काढून बघायचे. पात्यावर विटकरी रंग चढला की म्हणायचे, "अजून चुना कमी आहे." मला तेव्हा ती जादू वाटायची. नंतर आठवी-नववीच्या मुलांसाठी लोखंडी खिळ्याचा प्रयोग मांडायला लागले आणि कळलं, हा तर अण्णांचा विळाच. लोखंड द्रावणात उतरतं, त्याच्या जागी तांबं बाहेर येऊन बसतं. खिळा लाल होतो, निळं पाणी हिरवट होत जातं.

आता हेच कपाटाला लाव. मोरचुदाला लोखंड, जस्ताचा पत्रा, अ‍ॅल्युमिनियम यांच्या संगतीत ठेवायचं नाही. पत्र्याचं झाकण असलेली बरणी दिसायला छान, पण एका पावसाळ्यात झाकणाच्या आतून गंज सुटतो आणि तो बरणीत पडतो. काचेची किंवा जाड प्लास्टिकची बाटली, झाकण प्लास्टिकचं, घट्ट बसणारं. काढायचा चमचाही प्लास्टिकचा नाहीतर काचेचा, आणि तो मोरचुदाचाच. माझ्या पहिल्या शाळेत एकच लोखंडी चमचा सगळ्या बाटल्यांतून फिरायचा. तो चमचा एकदा मी ओल्या मोरचुदात विसरले. सकाळी बघते तर तांब्याचा मुलामा, आणि आजूबाजूचे खडे मळकट. पाव किलो माल वाया. मोठ्या मॅडम काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे. आईलाही कधी सांगितली नाही.

नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. शाळेतल्या एका मामांच्या शेळ्यांच्या खुरांना सडका रोग झाला होता. ते म्हणाले, "बाई, चिमूटभर मोरचूद द्या, खूर धुतो." खुरांसाठी मोरचुदाचं पाणी वापरतात, हे मलाही माहीत होतं. गरीब माणूस, दुकान लांब. मी वहीचं पान फाडलं, दोन चमचे घातले, पुडी बांधली आणि दिली. त्यांनी ती घरी नेऊन चुलीवरच्या फळीवर ठेवली, हळदीच्या डब्याजवळ. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीनं ती काढली. तिला काय वाटलं असेल? खडीसाखर, आणि तीही निळी! एक खडा तिनं जिभेवर ठेवला.

चव इतकी घाण असते की लेकरानं लगेच थुंकलं, म्हणून वाचलं. तरी उलट्या सुरू झाल्या, हिरवट-निळ्या. तो रंग बघून घरच्यांचे हातपाय गळाले. कुणी मिठाचं पाणी पाजा म्हणालं, कुणी तूप. नशिबानं मामांनी ऐकलं नाही, पोरगी आणि पुडी दोन्ही उचलून सरकारी दवाखाना गाठला. पुडी नेली हे त्यांनी सगळ्यात शहाणपणाचं केलं, पण पुडीवर काय होतं? माझ्या अक्षरातली गणिताची दोन उदाहरणं. डॉक्टर विचारतात, "हे काय आहे?" मामा म्हणतात, "शाळेतलं औषध." शाळेत फोन आला तो माझ्याकडं. पोरगी एक रात्र दवाखान्यात राहिली, दुसऱ्या दिवशी घरी आली. मामांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला रडता?"

बाटलीवर नाव असतं, सूत्र असतं, धोक्याची खूण असते. पुडीत टाकला की त्याच मोरचुदाचं नाव पुसलं जातं. त्या दिवसापासून माझ्या कपाटातून एक पुडी बाहेर गेलेली नाही. तुझ्याकडंही मागायला येतील बघ, शिक्षक येतील, मामा येतील, गावातलं कुणी ओळखीचं येईल. कुणाला शेळीचं खूर, कुणाला डाळिंबाचं झाड, कुणाला विहिरीतलं शेवाळ. नाही म्हणायचं. "साठ्याला हिशोब द्यावा लागतो हो," असं म्हण, वाईटपणा रजिस्टरवर ढकल. शेतीचा मोरचूद कृषी सेवा केंद्रात छापील पिशवीत मिळतो, तिथं जा म्हणावं.

आणि मेंढरंवाला आला तर मात्र दोन शब्द जास्त बोल. मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, शेळीपेक्षा कितीतरी कमी सोसतं. खुरांसाठी केलेलं निळं पाणी तिनं प्यायलं तर कठीणच. पण थोडंथोडं तांबं रोज पोटात जात राहिलं तरी ते काळजात साठत राहतं. वरून जनावर ठणठणीत दिसतं आणि एक दिवस एकदम लाल-काळं मुतायला लागतं, डोळे पिवळे पडतात. तोवर उशीर झालेला असतो. असला सल्ला जनावरांच्या डॉक्टरांनी द्यावा, आपण नाही. आपण फक्त पुडी द्यायची नाही.

गंमत बघ, फ्रान्सात बोर्दो नावाचा द्राक्षाचा मुलूख आहे. तिथले बागवान रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी निळसर डाग बघून घाबरावं आणि घड तोडू नयेत म्हणून. १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. मग त्यानं प्रयोग केले, १८८५ मध्ये ते छापले, आणि तेच आपलं बोर्डो मिश्रण. तिथं चोर पळावेत म्हणून निळा रंग, आणि आपल्याकडं निळा दिसला की लेकरू जवळ येतं. त्यामुळं रंगावर विसंबू नकोस, लेबलावर विसंब.

लेबलाचं सांगते. कंपनीचं छापील लेबल इंग्रजीत असतं. त्याच्याखाली तुझ्या हातानं ठळक मराठीत लिही: मोरचूद, कॉपर सल्फेट, पोटात गेल्यास विषारी. बाटली आली ती तारीख, उघडली ती तारीख. वरून पारदर्शक चिकटपट्टी मार, कारण द्रावणाचा एक ओघळ आला की शाई गेली. ओतताना लेबलाची बाजू तळहाताकडं ठेवायची, म्हणजे ओघळ मागच्या बाजूनं उतरतो. तू द्रावण करून ठेवशील त्या बाटलीवरही नाव आणि किती टक्क्यांचं ते हवंच. आणि थंड पेयाच्या बाटलीत कधीही नाही. निळं पाणी, बारकी बाटली, उन्हाळ्याचे दिवस आणि तहानलेली पोरं, पुढचं मी बोलत नाही.

तुझ्या कपाटात बाटल्या ए-बी-सी-डीनं लावल्यात म्हणालीस. बहुतेक ठिकाणी तसंच असतं, शोधायला सोपं म्हणून. पण वर्णमालेला कुठं कळतं कुणाचं कुणाशी पटत नाही ते? पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन सांडलं तर आग लागते, आणि नावाच्या हिशोबानं त्यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन कप्पे. म्हणून आधी जाती वेगळ्या कर. आम्लं खाली, वेगळ्या ट्रेमध्ये. पेट घेणारे द्रव वेगळ्या जागी. कॉस्टिक सोडा आम्लांपासून लांब. मोरचूद बाकी कोरड्या क्षारांबरोबर बसू दे, फक्त मॅग्नेशियमची फीत, जस्ताची आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी त्याच्या शेजारी नको. डोळ्यांच्या उंचीच्या वर काही ठेवू नकोस, स्टुलावर चढून बाटली काढताना हात निसटला तर तोंडावरच येते.

मोरचुदाची बाटली खिडकीत असेल तर ती मात्र आजच हलव. आपल्याकडचं ऊन काय असतं ते तुला माहीत आहे. कोरड्या, तापल्या हवेत मोरचुदाच्या खड्यांवर पांढुरकी साय धरते. तो नासलेला नसतो, त्याचं स्फटिकजल उडालेलं असतं. शंभर ग्रॅम मोरचुदात छत्तीस ग्रॅम नुसतं पाणीच बांधलेलं असतं गं! ते थोडं उडालं की तू २५ ग्रॅम तोलशील आणि तांबं भरेल जास्त, मग द्रावणाचा हिशोब चुकतो आणि बारावीच्या मुलांची गणितं जुळत नाहीत. म्हणून झाकण घट्ट, जागा सावलीची.

हेच पाणी उडवण्याचा प्रयोग दहावीच्या मुलांना फार आवडतो. निळा खडा परीक्षानळीत तापवला की पांढरा होतो, वर थेंब पाणी टाकलं की पुन्हा निळा. इथं दोन गोष्टी बघ. नळी चिमट्यात धरताना तोंड जरा खाली झुकवायला सांग. नाहीतर वरच्या थंड भागात जमलेलं पाणी ओघळून तापलेल्या बुडाशी जातं आणि नळी तडकते. आणि पाणी टाकायच्या आधी भुकटी पुरती निवू दे, कारण पाणी लागलं की तिच्यातून पुन्हा उष्णता निघते. फार तापवू देऊ नकोस, पांढरी झाली की बस. लाल होईस्तोवर तापवलं तर क्षारच फुटतो आणि घशाला झोंबणारा वायू निघतो.

खडे बारीक करायचे असले तर खलात हलक्या हातानं रगड, दणादण कुटू नकोस. धूळ नाकात जाते. पोर्तुगालमध्ये द्राक्षबागांत वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांना झालेल्या आजारावर १९६९ साली डॉक्टरांनी लिहिलं होतं. आपला एक दिवसाचा खल आणि त्यांची पंधरा-वीस वर्षं यांची तुलना नाही, मान्य. पण नाकाला मास्क बांधायला पैसे पडत नाहीत. चष्मा मात्र सोडू नकोस, या क्षाराचं सगळ्यात वाईट डोळ्याशी आहे. कण डोळ्यात गेला तर चोळायचं नाही. पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं आणि मग डॉक्टरांकडं. पंधरा मिनिटं म्हणजे किती पाणी, कधी मोजलंस? मी मोजलं, मगानं संथ धार धरली तरी वीसेक लिटर जातं. एप्रिलात टाकी कोरडी पडली की नळ काय कामाचा? म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी झाकण असलेल्या दोन बादल्या भरून ठेव, मगासकट, आणि त्या पाण्याला कुणाला काचसामान धुवायला हात लावू देऊ नकोस. भांडण झालं तरी चालेल.

पोटात गेला तर काय, हे तर मी शिकले ते रडूनच. तोंड धुवायचं, चुळा भरायच्या. उलटी काढायची नाही, मिठाचं पाणी नाही, तूप नाही, लिंबू नाही. पूर्वी डॉक्टरच उलटी काढायला मोरचूद देत असत, आता देत नाहीत, कारण त्यानं रक्ताच्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडावर येतं. एक-दोन दिवसांनी लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं अशी लक्षणं दिसू शकतात, म्हणून "आता बरा आहे" म्हणून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन, बाटली बरोबर. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, १८०० ११६ ११७, कधीही फोन लागतो. तो नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटव. मोठ्या उपचाराला आपल्या भागातून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेतात, पण आधी जवळचा दवाखाना, वाटेत वेळ घालवायचा नाही.

हो, आणि चहा. मला माहीत आहे, तिथंही कुणीतरी चंचुपात्रात चहा उकळत असणार. मीसुद्धा प्यायलेय, खोटं कशाला बोलू. दोनशे पन्नास मिलीवर बरोबर दोन कप होतो! पण आदल्या दिवशी त्या चंचुपात्रात काय होतं, ते कुणालाच आठवत नसतं. तू नवी आहेस, मोठ्यांना अडवणं जड जाईल. एक छोटं स्टीलचं पातेलं विकत घेऊन स्टाफरूममध्ये ठेव आणि गॅसही तिकडंच. कुणी काही म्हणणार नाही, उलट सुगरण म्हणतील. पिपेट तोंडानं ओढायची सवयही तशीच मोड, रबरी फुगा मागवून घे.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मात्र माझा नियम उलटा होतो, म्हणून तेव्हा जास्त जप. सॉल्ट अ‍ॅनालिसिसला क्षाराचं नाव लपवायचंच असतं. नुसता आकडा टाकून पुड्या वाटतात. कोणत्या आकड्याला कोणता क्षार, ती यादी तुझ्याकडं, आणि दिल्या तितक्या पुड्या परत मोजून घ्यायच्या. उरलेला माल बाटलीत परत टाकायचा नाही, काय मिसळलंय सांगता येत नाही. एका वर्षी माझी एक पुडी कमी भरली. सगळी पोरं थांबवली, बसची वेळ झालेली, पालक बाहेर कुरकुरतायत. शेवटी एका पोराच्या कंपासपेटीत सापडली. "घरी बहिणीला निळा रंग दाखवायचा होता," म्हणाला. मारायला हात उठेना.

मोरचूद किती मागवायचा, हेही विचारलं होतंस. हिशोब कर. चाळीस मुलं, प्रत्येकी दहा मिली, पाच टक्क्यांचं द्रावण. झाले चारशे मिली आणि मोरचूद वीस ग्रॅम. अर्ध्या किलोची बाटली तुला दोन-तीन वर्षं पुरेल. स्वस्त पडतो म्हणून कुणी शेतीचं पोतं आणायला सांगितलं तर नको म्हण, तो तितका शुद्ध नसतो आणि पोत्याला झाकण नसतं.

वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नकोस. प्रयोगशाळेचं पाणी बहुतेक ठिकाणी मागच्या नालीत जातं, नाली ओढ्यात, आणि ओढा शेवटी नदीच्याच वाटेला लागतो. तुझ्या वीस ग्रॅमनं माजलगावचं धरण काही बिघडत नाही, उगीच भीती घालत नाही मी. पण मासे आणि पाण्यातले किडे यांना तांबं फार थोडंही पुरतं, आणि ओढ्याला डबक्याएवढंच पाणी असतं तेव्हा वीस ग्रॅम वीस ग्रॅम राहत नाहीत. म्हणून एक प्लास्टिकचा कॅन ठेव, त्यावर नाव लिही आणि सगळं निळं पाणी त्यात गोळा कर. वर्षाच्या शेवटी त्यात जुने लोखंडी खिळे टाकून आठवडाभर ठेव. निळा रंग उतरत जातो, तळाशी तांब्याचा लालसर चुरा बसतो आणि वरचं पाणी फिकट हिरवं होतं. ते हिरवं म्हणजे काय माहीत आहे? हिराकस! मोरचुदाचा हिराकस होतो, आणि हे मुलांना समोर करून दाखवलंस तर पुस्तकातली दोन पानं वाचायची गरज नाही. निळसर छटा उरली असली तर धुण्याचा सोडा टाक, उरलेलं तांबं गाळ होऊन खाली बसतं. गाळ वाळवून बाटलीत भर, बाटलीवर पुन्हा नाव.

आता तू सांगितलेल्या त्या खालच्या कप्प्यातल्या बाटलीचं. लेबल उंदरानं खाल्लंय आणि आत निळसर काहीतरी आहे म्हणालीस, "मोरचूदच असणार." निळे क्षार आणखीही असतात बाई. कोबाल्टचे, निकेलचेही रंगीत असतात. तू उघडू नकोस, वास घेऊ नकोस, "मोरचूद" म्हणून चिठ्ठी तर मुळीच लावू नकोस. सध्या त्यावर फक्त "अनोळखी" असं लिही, तारीख टाक आणि कप्प्याला कुलूप घाल. शनिवारी अर्धा दिवस आहे माझा, माजलगावहून दुपारची एसटी धरते. येताना चष्म्याची जास्तीची जोडी आणते. तू जुनं साठ्याचं रजिस्टर शोधून ठेव, मागच्या दहा वर्षांत काय काय आलं ते आधी त्यात बघू.